शब्द न टाकता मागणं

माझ्या अम्मानं कुणाकडे काही मागितलेलं मी कधी ऐकलं नाही. तरीही आमच्या घरात वेळेला काही अडून राहिलं, असं आठवत नाही. घर लहान, खाणारी तोंडं सात आणि वडिलांचं एक शिवणयंत्र. महिना संपत आला की पिठाचा डबा वाजायला लागायचा. मग अम्मा मागच्या दारी जायची. कमरेएवढ्या भिंतीपलीकडे शेजारच्या वहिनी धुणं वाळत घालत असायच्या. अम्मा म्हणायची, 'वहिनी, गिरणी बंद दिसतीया आज.' वहिनी म्हणायच्या, 'व्हय की भाभी, मोटार जळलीया म्हणं.' एवढं बोलणं झालं की दोघी आपापल्या कामाला लागायच्या. पाचेक मिनिटांत भिंतीवर पिठाचं पातेलं यायचं आणि मागोमाग वहिनींचा आवाज, 'भाभी, कालचं दळण जास्तच झालंय. पावसाळी हवा, किडं पडतील. तेवढं घेऊन जावा.'

मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. अम्माला विचारलं, तू पीठ मागितलंस का? ती म्हणाली, 'मैं कब मंगी?' आणि ते खरंच होतं. तिनं मागितलं नव्हतं. वहिनींनी तरी दिलं कुठे होतं? त्यांनी किड्यांपासून पीठ वाचवलं होतं! पुढे ईदच्या दिवशी ते पातेलं शीरखुर्म्यानं भरून परत जायचं, कारण रिकामं भांडं परत द्यायचं नाही, ही रीत भिंतीच्या दोन्ही बाजूंना सारखीच होती.

आज बोलायचं आहे ते या भिंतीवरच्या व्यवहाराबद्दल. अम्माच्या वाक्यात 'पीठ' हा शब्द नाही, 'द्या' हे क्रियापद नाही. तरी ऐकणारीला मागणी कळली. कशी कळली?

आपण सगळेच दिवसभर असं बोलत असतो. 'उकडतंय नाही?' म्हणजे पंखा लावा. 'दार उघडंच आहे वाटतं' म्हणजे लावून घे. 'उद्या लवकर उठायचंय' म्हणजे पाहुण्यांनो, आता निघा. आम्हा कवींना संमेलनात चिठ्ठी येते, 'हॉल नऊपर्यंतच मिळाला आहे'. ही हॉलविषयीची माहिती नसते, हे कवीला कळतं. कळूनही काही जण आणखी दोन कविता वाचतात, ती गोष्ट निराळी.

या साध्या गोष्टीचं कोडं गेल्या शतकात तत्त्वज्ञांना पडलं. जे. एल. ऑस्टिन या इंग्रज तत्त्वज्ञानं १९५५ साली हार्वर्ड विद्यापीठात व्याख्यानं दिली. बोलणं म्हणजे फक्त माहिती देणं नव्हे, बोलणं ही कृती आहे, हा त्यांचा मुद्दा होता. शब्द देणं, माफी मागणं, पैज लावणं ही कामं आपण बोलूनच करतो. मग पुढचा प्रश्न आला. वाक्य एका कामाचं असेल आणि करायचं काम दुसरंच असेल, तर ऐकणाऱ्याला ते कसं उमगतं? यावरचे दोन गाजलेले लेख, एक पॉल ग्राइस यांचा आणि एक जॉन सर्ल यांचा, १९७५ साली एकाच ग्रंथात छापले गेले.

ग्राइस यांचं म्हणणं मला वहिनींच्या डोक्यात शिरून सांगावंसं वाटतं. गिरणी बंद आहे हे वहिनींना आधीच माहीत होतं. मोटार जळल्याचीही त्यांना खबर होती. आता माहीत असलेलीच गोष्ट कुणी मुद्दाम येऊन सांगतं, तेव्हा ऐकणारा दोन गोष्टी करू शकतो. समोरच्याला खुळ्यात काढायचं, किंवा असं धरून चालायचं, की हा माणूस शहाणा आहे, बोलतोय ते काही कारणानं बोलतोय. आपण नकळत दुसरी वाट धरतो. ग्राइस याला सहकार्याचं तत्त्व म्हणतात. बोलणारा प्रसंगाला धरून, हवं तेवढं आणि खरं बोलतो आहे, असं आपण गृहीत धरतो. शब्दांचा सरळ अर्थ त्यात बसला नाही, की बसेल असा अर्थ शोधायला मन आपोआप धावतं. महिन्याची अखेर आहे, भाभींच्या घरात सात माणसं आहेत आणि ही बाई कधी तोंड उघडून मागत नाही, हे सगळं वहिनींना ठाऊक होतं. हा शेवटचा मुद्दा विशेष महत्त्वाचा. मागणं कळायला मागणाऱ्याचा स्वभाव माहीत असावा लागतो.

सर्ल यांनी मागणीचाच ढाचा उलगडून दाखवला. कुठलीही मागणी उभी राहायला काही खांब लागतात. समोरच्याला ते काम करता आलं पाहिजे, त्याची तयारी पाहिजे, आपल्याला ते हवं असलं पाहिजे आणि त्याला काही कारण पाहिजे. यातल्या कुठल्याही खांबाला नुसता हात लावला, तरी मागणीचं सगळं घर हलतं. 'पाणी मिळेल का?', 'जरा पाणी देशील?', 'पाणी मिळालं तर बरं होईल', 'घसा कोरडा पडलाय', असे हे चार खांब. पहिल्या दोन तऱ्हा आपल्या भाषेत इतक्या मुरल्या आहेत, की त्या प्रश्न आहेत हे आपण विसरून गेलोय. 'पाणी देशील?' याला 'हो, देईन' असं म्हणून कुणी बसून राहिलं, तर तो चेष्टा करतोय असं आपण समजतो. चौथी तऱ्हा मात्र अजून ओली आहे. तिथे ऐकणाऱ्याला दर वेळी नव्यानं डोकं चालवावं लागतं. अम्माचं गिरणीचं वाक्य त्या जातीचं होतं.

हे सगळं ऐकणाऱ्याला खरंच असं सुचतं का, हे तपासायला स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट क्लार्क यांनी एक गमतीशीर युक्ती केली. दुकानदारांना फोन करायचे. 'किती वाजता बंद करता ते सांगाल का?' असं विचारल्यावर दुकानदार वेळ सांगून मोकळे होतात, 'हो, सांगेन' असं आधी म्हणण्याची फारशी कुणाला गरज वाटत नाही. 'सातच्या आधी बंद करता का?' असं विचारलं तर उत्तरं वेगळी होतात. कुणी नुसतं हो-नाही म्हणतो, कुणी त्याला वेळही जोडतो. मद्याच्या एका बाटलीची किंमत पाच डॉलरपेक्षा जास्त आहे का, असाही प्रश्न होता. 'मला बाटली घ्यायची आहे' असं सांगून विचारलं, की दुकानदार किंमत सांगायचे. 'माझ्याकडे पाचच डॉलर आहेत' असं सांगून विचारलं, की हो किंवा नाही एवढंच सांगायचे. प्रश्नाचे शब्द तेच, पण फोन करणाऱ्याला नक्की काय हवं आहे, हे ओळखून उत्तर मापून दिलं जायचं. हा अभ्यास १९७९ साली प्रसिद्ध झाला. आपल्या कोपऱ्यावरचा वाणी हे रोज करतो, हेही सांगायला हरकत नाही.

पण ही विचारधारा परदेशातच सुरू झाली, असं कुणी समजू नये. हजारेक वर्षांपूर्वीच्या काव्यशास्त्रानं हा प्रश्न फार बारकाईनं सोडवला होता आणि त्यासाठी पुरावा नेला होता आपल्या गोदावरीकाठचा. नवव्या शतकात काश्मीरमध्ये आनंदवर्धनानं 'ध्वन्यालोक' लिहिला. शब्दाचा सरळ अर्थ आणि त्यातून सूचित होणारा अर्थ किती वेगळे असू शकतात, हे दाखवताना त्यानं महाराष्ट्री प्राकृतातल्या गाथा घेतल्या. त्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त आहेत. एका गाथेत एक बाई एका धार्मिक गृहस्थाला गोदाकाठी खुशाल फिरायला सांगते. त्याला भिववणारं कुत्रं आता मेलं, तिथे राहणाऱ्या सिंहानं त्याला मारलं, असं ती वर सांगते. वाक्य 'फिर' असं आहे, अर्थ 'तिकडे फिरकू नकोस' असा. तिला त्या कुंजात कुणाला तरी भेटायचं असतं. दुसऱ्या गाथेत उलटा प्रकार. एक तरुण बाई रात्रीच्या मुक्कामाला आलेल्या वाटसरूला सासू कुठे झोपते आणि आपण कुठे, हे दिवसाउजेडी दाखवून ठेवते आणि रात्री अंधारात इकडे येऊन पडू नकोस, असं बजावते. शब्द 'नको' म्हणतात, अर्थ 'ये' म्हणतो.

मला या दुसऱ्या गाथेत कवीपेक्षा त्या सासूचं कौतुक वाटतं. तीही तिथेच असणार. तिनंही तेच वाक्य ऐकलं असणार आणि सूनबाई किती मर्यादेची, असं तिला वाटलं असणार. एकच वाक्य, दोन कान, दोन अर्थ. आडून बोलण्याची खरी सोय ही आहे. उद्या जाब विचारला गेला तर बोलणाऱ्याला म्हणता येतं, मी असं कुठे म्हटलं? 'मैं कब मंगी?'

पुढे मम्मट या काव्यशास्त्रकारानं, तोही काश्मीरचाच, 'सूर्य मावळला' एवढ्या साध्या विधानाचं उदाहरण घेतलं. ऐकणारा कोण आहे त्यावर त्याचा अर्थ बदलतो. गुराख्याला ते सांगतं गुरं वळव, मजुराला सांगतं काम थांबव, प्रेयसीला सांगतं निघायची वेळ झाली. म्हणजे अर्थ बोलणाऱ्याच्या तोंडात जेवढा असतो, तेवढाच ऐकणाऱ्याच्या जगण्यात असतो. त्याच अकराव्या शतकात तिकडे कॅस्पियन समुद्राजवळच्या गुर्गानमध्ये अब्दुल काहिर अल् जुर्जानी हे अरबी भाषेचे पंडित 'अर्थाचा अर्थ' अशी कल्पना मांडत होते. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. अरबी मला नमाजापुरती येते, हे सगळं मी दुसऱ्यांच्या पुस्तकांतून वाचलेलं. पण त्यांनी ज्याची फोड केली ते जुनं अरबी उदाहरण मला विसरता येत नाही. एखाद्याच्या हंडीखाली राख फार असते, असं म्हणायचं. राख फार, म्हणजे लाकडं फार जळतात. म्हणजे स्वयंपाक फार होतो, म्हणजे पाहुणे फार येतात, म्हणजे घरचा माणूस दिलदार. ऐकणारा राखेपासून माणसापर्यंत पायऱ्या चढत जातो. अम्माच्या वाक्यात गिरणीपासून रिकाम्या डब्यापर्यंत अशाच पायऱ्या होत्या.

आता माणसं सरळ का मागत नाहीत? याला सभ्यता हे उत्तर आपण पटकन देतो. पेनलपी ब्राउन आणि स्टीफन लेविन्सन या अभ्यासकांनी १९७८ साली सभ्यतेचा मोठा सिद्धान्त मांडला. त्यासाठी लेविन्सन यांनी तामिळनाडूतल्या खेड्यातलं बोलणं अभ्यासलं होतं. मागणीमुळे समोरच्याच्या मोकळीकीवर घाला येतो आणि दोघांचाही मान पणाला लागतो, म्हणून माणसं वळण घेतात, असं ते म्हणतात. आपल्या मराठीत याला फार नेमकी बोली आहे. आपण 'शब्द टाकतो'. समोरचा 'शब्द खाली पडू देत नाही', किंवा शब्द पडतो आणि मग तोंड दाखवायची चोरी होते. अम्मा शब्द टाकतच नव्हती, त्यामुळे तो पडण्याची भीती नव्हती. वहिनींकडे पीठ नसतं तर त्या 'व्हय की भाभी' एवढं म्हणून धुणं वाळत घालत राहिल्या असत्या. नकार दिला गेला नसता आणि ऐकलाही गेला नसता. भिंत दुसऱ्या दिवशीही बोलायची राहिली असती.

तरी जितकं आडवळण तितकी सभ्यता, असं गणित नाही. शोशाना ब्लुम-कुल्का यांनी १९८७ साली हिब्रू आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना विचारलं, तेव्हा लोकांनी सर्वात सभ्य ठरवलं ते 'देशील का?' या रुळलेल्या प्रश्नाला, दुरून सुचवण्याला नव्हे. कारण सुचवणारा आपलं ओझं ऐकणाऱ्याच्या डोक्यावर ठेवतो. ओळखायचं काम त्याचं आणि ओळखता आलं नाही तर दोषही त्याचा. घराघरांतली 'तुला कळायला नको का?' ही भांडणं याच जातीची. आपली 'लेकी बोले सुने लागे' ही तऱ्हा तर सभ्यतेत मोडतच नाही. तो चाबूक आहे, फक्त दुसऱ्याच्या पाठीवरून फिरवलेला.

आणि कधी कधी आडून बोलणं जिवावर बेतू शकतं. २५ जानेवारी १९९० च्या रात्री कोलंबियाच्या एव्हियांका कंपनीचं ५२ क्रमांकाचं विमान बोगोटाहून मेडेयीनमार्गे न्यूयॉर्कला आलं. हवा खराब होती. उतरण्यासाठी विमानांची रांग लागलेली. या विमानाला सव्वा तासाहून अधिक काळ आकाशात घिरट्या घालत ठेवलं. इंधन संपत आलं. नियंत्रण कक्षाशी सहवैमानिक इंग्रजीतून बोलत होता. 'आम्हाला प्राधान्य हवं' असं तो म्हणाला. उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला. मुख्य वैमानिकानं त्याला स्पॅनिशमध्ये सांगितलं, आपण संकटात आहोत हे त्यांना सांग. सहवैमानिक नियंत्रकाला म्हणाला, आम्ही पुन्हा प्रयत्न करतो, इंधन संपत चाललंय. 'इमर्जन्सी' हा ठरलेला शब्द त्यानं उच्चारलाच नाही. नियंत्रकानं विमानाला पुन्हा लांबचा वळसा दिला आणि तुमच्या इंधनाला हे चालेल ना, असं विचारलं. चालेल असं वाटतं, आभारी आहोत, असं उत्तर गेलं. थोड्याच वेळात इंजिनं बंद पडली आणि लाँग आयलंडवरच्या कोव्ह नेक गावात विमान कोसळलं. १५८ जणांपैकी ७३ जण गेले. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळानं चौकशी करून ठपका ठेवला तो प्रामुख्यानं विमानातल्या कर्मचाऱ्यांवर, त्यांनी इंधनाची आणीबाणी वेळेवर आणि स्पष्टपणे कळवली नाही म्हणून.

मी हा प्रसंग वाचला तेव्हा मला तो सहवैमानिक ओळखीचा वाटला. तो नियमानं चुकला असेल, पण तो मागत होता. 'इंधन संपत चाललंय' याहून माणूस आणखी काय म्हणणार? मात्र त्या रात्री रांगेतल्या कित्येक विमानांचं इंधन कमी होत होतं. नियंत्रकाच्या कानाला ते वाक्य गिरणी बंद असल्याच्या बातमीसारखं लागलं. नियंत्रकाला वैमानिकाचा चेहरा दिसत नव्हता, आवाज परक्या भाषेत अडखळणारा होता आणि मध्ये कमरेएवढी भिंतही नव्हती. जिथे ओळख नाही, जिथे दोघांचं जगणं सामाईक नाही, तिथे राखेपासून माणसापर्यंतच्या पायऱ्या चढता येत नाहीत. तिथे ठरलेला शब्दच लागतो.

हे मला इतकं लागलं, त्याचं कारण मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसून नोकरी केली आहे. तालुक्याच्या गावी एका कचेरीत मी कारकून होतो. एका हिवाळ्यात एक म्हातारी उत्पन्नाच्या दाखल्यासाठी आली. कागद पुरे होते, फक्त माझी नोंद आणि साहेबांची सही राहिली होती. खिडकीशी उभी राहून ती म्हणाली, 'साहेब, आमच्या गावाला जायाची गाडी साडेचारला असती.' मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं आणि म्हणालो, 'मग अजून पाऊण तास आहे की, आजी.' ती 'व्हय व्हय' म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली. मी हातातलं रजिस्टर पुरं करत राहिलो. तिला दाखला मिळाला तो पाच वाजता.

घरी गावभाषेतली सूचना ओळखण्यात मी वाढलेला. ध्वनी आणि व्यंजना यांवर परीक्षेत उत्तर लिहिलेला. कवितेत न बोललेलं सांगण्याचा धंदा करणारा. मला ते वाक्य कळलं नव्हतं का? इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलो, की नव्हतं कळलं. पण खरं सांगायचं तर कुठेतरी कळलं होतं, आणि तिनं मागितलं नव्हतं याची मला सोय वाटली. आडून मागण्यात नकाराचं दार दोघांसाठी उघडं असतं, असं मी वर म्हटलं. त्या दारातून बाहेर पडण्याची मुभा वहिनींनाही होती, पण वहिनी आणि अम्मा एका उंचीवर उभ्या होत्या. उद्या वहिनींची साखर संपणार होती. खिडकीच्या आतल्या माणसाला उद्या त्या म्हातारीकडे काही मागायचं नसतं. त्यामुळे त्याला न कळणं परवडतं. जो खाली उभा आहे त्याला मात्र साहेबांचं अक्षर न अक्षर ओळखावं लागतं. 'बघू' म्हणजे नाही, 'उद्या या' म्हणजे परवा या, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

साडेचारची गाडी ही तिच्या गावाची शेवटची गाडी होती, हे मला दुसऱ्या दिवशी शिपायानं सांगितलं. ती रात्रभर स्टँडवर बसली होती. सकाळी कचेरी उघडताना ती पायरीवर दिसली. शिक्का उठला नाही वाटतं साहेब, असं म्हणून तिनं दाखला पुढे केला. शिक्का खरोखरच पुसट होता. मी तो दुसऱ्यांदा मारला आणि शिपायाला चहा सांगितला. ती म्हणाली, 'च्या नगं. सकाळची गाडी साडेआठला असती.'

या वेळी मी घड्याळाकडे बघितलं नाही. शिपायाच्या सायकलवर तिला स्टँडवर पोचवायला सांगितलं. तेव्हापासून खिडकीशी कुणी गाडीची वेळ सांगितली, की मी आधी गाव विचारतो.